वर्षानुवर्षे पोट बिघडलेलेच? जुलाब थांबवायची गोळी खाण्याआधी एवढे वाचा

भूम : एसटीत बसायच्या आधी एक गोळी. पाहुण्यांकडे लग्नाला जायचे तर आदल्या रात्री एक. कोर्टाची तारीख, तहसीलचे काम, लेकीच्या सोयरिकीची बैठक, काहीही असो, खिशात गोळ्यांचे पाकीट ठेवल्याशिवाय घराबाहेर पाऊल पडत नाही. अशी माणसे तालुक्यात थोडीथोडकी नाहीत. सकाळी उठल्यापासून तीन-चार वेळा संडासला पळायचे, जेवण झाले की पोटात मुरडा यायचा, बाहेर कुठे गेले की आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवायचे. हे कुणाला सांगताही येत नाही. मग मेडिकलवर जाऊन हळू आवाजात म्हणायचे, ‘भाऊ, ती पोट बंद व्हायची गोळी द्या की.’

ही गोळी चांगली की वाईट, असे विचारले तर गावात दोन उत्तरे मिळतात. एक म्हणतो, ‘काही होत नाही, मी दहा वर्षं खातोय.’ दुसरा म्हणतो, ‘त्यानं आतडी सुकतात, हात लावू नको.’ दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. आजार कोणता ते डॉक्टरांनी तपासून नक्की केले असेल, तर हीच गोळी ठरलेल्या मापात घेऊन माणूस कामधंदा, प्रवास, लग्नकार्य नीट करू शकतो. पण तपासणी न करता तीच गोळी वर्षानुवर्षे खाल्ली, तर आतला मोठा आजार झाकला जातो आणि कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

गोळी पोटात जाऊन करते काय?

मेडिकलवर मिळणाऱ्या या गोळीतले औषध बहुतेक वेळा लोपेरामाइड असते. कंपनीप्रमाणे वरचे नाव बदलते, म्हणून पाकिटावरचे बारीक अक्षरातले नाव वाचावे. एका गोळीत किंवा कॅप्सूलमध्ये २ मिलिग्रॅम औषध असते. बेल्जियममधल्या यान्सेन कंपनीने १९६९ मध्ये हे औषध तयार केले आणि पुढे ते जगभर पसरले.

आपले आतडे सारखे हलत असते. त्या हालचालीनेच अन्न पुढे सरकते. सरकत असताना आतडे त्यातले पाणी शोषून घेते आणि उरलेला मळ घट्ट होतो. हालचाल जोरात झाली की पाणी शोषायला वेळच मिळत नाही आणि संडास पातळ होते. लोपेरामाइड आतड्याच्या भिंतीतल्या नसांवर काम करते आणि ही हालचाल मंद करते. पाणी शोषायला वेळ मिळतो, संडास घट्ट होते आणि घाईची कळ कमी होते.

हे औषध अफूच्या वर्गातल्या औषधांचे दूरचे भावंड आहे. पण नेहमीच्या मापात ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे त्याने नशा येत नाही. ‘आतडी सुकतात’ ही भीतीही खरी नाही. औषधाचा अंमल उतरला की आतडे पुन्हा आपल्या चालीने चालू लागते.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. ही गोळी ब्रेकचे काम करते. उतारावर गाडी धावत असेल तर ब्रेक लागतोच, पण इंजिनातला बिघाड ब्रेकने दुरुस्त होत नाही. जंतू, सूज, गाठ, क्षय यांपैकी कशावरही या गोळीचा इलाज नाही.

तपासण्या सगळ्या चांगल्या, तरी पोट खराब

वर्षानुवर्षे पोट बिघडलेले, पण रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळे चांगले. अशा बऱ्याच जणांना जो आजार असतो त्याला डॉक्टर इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, थोडक्यात आयबीएस म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर आतडे चिडखोर झालेले असते. आतड्यात जखम नसते, गाठ नसते, पण आतडे आणि मेंदू यांच्यातला निरोप बिघडलेला असतो. थोड्याशा गॅसनेही कळ येते, थोड्या काळजीनेही पळापळ होते.

डॉक्टर यासाठी एक ठोकताळा वापरतात. मागच्या तीन महिन्यांत आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखते का, ते दुखणे संडासला जाण्याशी जोडलेले आहे का, संडासच्या वेळा किंवा तिचा घट्टपातळपणा बदलला आहे का, आणि हा त्रास सहा महिन्यांपूर्वी किंवा त्याआधी सुरू झाला का, हे ते विचारतात. काहींना जुलाब जास्त होतात, काहींना बद्धकोष्ठ, काहींना दोन्ही आलटून पालटून. भारतीय पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २००८ सालच्या अहवालात समाजातल्या १०० माणसांत साधारण ४ जणांना आयबीएस आढळला होता. म्हणजे गावात हा त्रास असलेले आपण एकटे नसतो, फक्त कुणी बोलत नाही.

आपल्याकडे या त्रासाला सरसकट ‘जुनी आव’ म्हणतात. संडासमध्ये शेंबडासारखे काही दिसले की आव झाली असे समजून पुन्हा पुन्हा जंतूंच्या गोळ्या खाल्ल्या जातात. पण असा शेंबूड आयबीएसमध्येही पडतो. खरी आव आहे की नाही हे संडास तपासल्यावर कळते. कागदाच्या पुडीतल्या तीन रंगांच्या गोळ्या दर महिन्याला खाऊन आयबीएस जात नाही. उलट अँटिबायोटिकने पोट आणखी बिघडते.

कोणते आजार गोळीखाली लपतात?

दीर्घकाळ पातळ संडास होण्याची कारणे बरीच आहेत. आपल्या भागात पुढची कारणे आधी तपासून घ्यायला हवीत.

आतड्याचा क्षय : टीबी फक्त छातीत होतो असे नाही. आतड्याचाही टीबी होतो. पोट दुखते, वजन उतरते, संध्याकाळी बारीक ताप येतो, कधी जुलाब तर कधी पोट फुगून गच्च होते. याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि साधारण सहा महिने नेमाने घेतले तर आजार बरा होतो. उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये रुग्णाच्या खात्यावर येतात. पण जुलाबाची गोळी खात दोन वर्षे काढली तर आतडे आकसून अडते आणि ऑपरेशनची वेळ येते.

आतड्याला सूज आणि जखमा : याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. संडासमधून रक्त आणि चिकट पदार्थ जातो, रात्री झोपेतून उठावे लागते. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हाच आजार होता. त्यापायी त्यांनी २००७ मध्ये पद सोडले, नव्या औषधाने बरे वाटल्यावर २०१२ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले आणि त्रास उलटल्यावर २०२० मध्ये परत राजीनामा दिला. एवढ्या मोठ्या माणसाने पोटाचे दुखणे जगासमोर सांगितले, मग आपण डॉक्टरांसमोर लाजण्यात अर्थ नाही. या आजाराचा जोर वाढलेला असताना जुलाबाची गोळी घेतली तर मोठे आतडे फुगून जिवावर बेतू शकते.

साखरेची गोळी : शुगरच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनने अनेकांना जुलाब होतात. डॉक्टर गोळीचा प्रकार किंवा माप बदलून देतात आणि त्रास कमी होतो. मनाने शुगरची गोळी बंद करू नये. एका गोळीचा त्रास दुसऱ्या गोळीने दाबत बसण्याचेही कारण नाही.

थायरॉईड वाढणे, पित्ताशय काढल्यानंतर होणारे जुलाब, गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा सिलिॲक आजार, दूध न पचणे : या प्रत्येकाची तपासणी वेगळी आणि उपाय वेगळा.

मोठ्या आतड्याचा कर्करोग : बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी, आणि तिच्यात बार्शी, परंडा यांच्यासोबत आपल्या भूम तालुक्यातली गावेही येतात. या नोंदींत आतड्याचा कर्करोग गर्भाशयमुखाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगापेक्षा कमी दिसतो. त्यामुळे पोट बिघडले की लगेच कर्करोगाची धास्ती घेऊ नये. पण चाळिशी-पन्नाशीनंतर संडासची सवय अचानक बदलली, रक्त पडू लागले, अशक्तपणा आला, तर मूळव्याध समजून अंगावर काढू नये.

थांबा, आधी डॉक्टर

पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर गोळी न घेता आधी तपासणी करावी.

– संडासमधून रक्त पडणे किंवा संडास डांबरासारखी काळी होणे
– ताप येणे
– न ठरवता वजन उतरणे
– रात्री झोपेतून उठून संडासला जावे लागणे
– रक्त कमी होणे, चालताना धाप लागणे
– पोटात गाठ लागणे, पोट फुगून गच्च होणे
– घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे
– त्रास पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू होणे

रक्ताची आणि संडासची साधी तपासणी, शुगर आणि थायरॉईड एवढ्यावर बरेच काही कळते. गरज वाटली तर डॉक्टर दुर्बिणीने आतडे बघायला सांगतात. त्याची भीती वाटते, पण औषध देऊन करतात आणि बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात.

निदान झाल्यावर गोळी कशी घ्यायची?

आयबीएसमध्ये जुलाबाचाच त्रास जास्त आहे असे ठरले की अनेक डॉक्टर लोपेरामाइड लिहून देतात. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही अशा रुग्णांना जुलाब रोखण्यासाठी हेच औषध आधी सुचवले आहे. त्यात रुग्णाने स्वतःच्या संडासकडे बघून माप कमी-जास्त करायला शिकावे असेही म्हटले आहे. दिवसातून एकदा-दोनदा मऊ आणि बांधलेली संडास व्हावी एवढेच साधायचे असते. पोट पूर्ण बंद करायचे नसते.

सुरुवात कमीत कमी मापाने करतात. कुणाला रोज एक गोळी पुरते, कुणाला फक्त प्रवासाच्या दिवशी लागते. सकाळी पळापळ होणाऱ्यांना काही डॉक्टर रात्री झोपताना घ्यायला सांगतात. बाहेर जायचे असेल तर ऐन एसटी सुटताना गोळी टाकून उपयोग नाही. अंमल सुरू व्हायला तास-दीड तास लागतो, पूर्ण जोर चार-पाच तासांनी येतो. त्या हिशेबाने आधी घ्यावी.

डॉक्टरांना न विचारता दिवसात ४ गोळ्यांच्या, म्हणजे ८ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये आणि दोन दिवसांत फरक पडला नाही तर थांबावे. डॉक्टरांच्या देखरेखीखालीही मोठ्या माणसाला दिवसाला १६ मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा आहे. त्यापुढे हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१६ मध्ये तसा जाहीर इशारा दिला होता. बुरशीवरच्या काही गोळ्या, काही अँटिबायोटिक, हृदयाच्या ठोक्यांच्या आणि एचआयव्हीच्या काही गोळ्या यांच्यासोबत लोपेरामाइडचा अंमल वाढतो. यकृताचा आजार असलेल्यांनाही जपून द्यावे लागते. म्हणून दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

या गोळीने जुलाब आणि घाई कमी होते, पण पोटातले दुखणे आणि फुगणे फारसे कमी होत नाही. त्यासाठी डॉक्टर वेगळे औषध देतात. दुखते म्हणून जुलाबाचीच गोळी वाढवत नेली तर पोट दोन-तीन दिवस बंद पडते. मग माणूस चूर्ण घेतो, चूर्णाने पुन्हा जुलाब लागतात, पुन्हा गोळी. या चक्रात अडकलेल्यांनी दोन्ही बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा.

लेकरांना ही गोळी द्यायचीच नाही

घरात मोठ्यांसाठी आणलेली गोळी अर्धी करून लहान लेकराला देण्याची चूक बऱ्याच घरांत होते. ती जिवावर बेतते. लहान मुलाचे आतडे या औषधाने पार थांबून जाऊ शकते. पोट फुगते, आतल्या आत पाणी साचते आणि बाहेर जुलाब थांबले म्हणून घरच्यांना बरे वाटत राहते. पाकिस्तानात १९९० मध्ये लोपेरामाइडचे थेंब दिलेल्या तान्ह्या मुलांच्या मृत्यूंनंतर तिथे मुलांसाठीची ही औषधे बंद करण्यात आली. भारतातही लहान मुलांसाठी लोपेरामाइड किंवा डायफेनॉक्सिलेट असलेली जुलाबाची औषधे बनवायला आणि विकायला बंदी आहे.

मुलाला जुलाब झाले तर ओआरएस, झिंक आणि अंगावरचे दूध किंवा नेहमीचे खाणे चालू ठेवणे हाच इलाज. ओआरएसचे पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, चमचा चहाचाच घ्यावा. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी होईना, तर वाट न बघता दवाखाना.

मोठ्यांनाही हगवणीच्या साथीत, ताप आणि रक्त असताना ही गोळी चालत नाही. तेव्हा जंतू बाहेर पडायला हवेत. आतडे बंद केले तर ते आतच राहतात.

खवा, चहा, कांदा आणि पोट

भूम परिसर खव्या-पेढ्यांचा. पण दुधातली साखर न पचणाऱ्यांसाठी खवा म्हणजे आटवून घट्ट केलेला त्रास. दूध आटते तशी त्यातली साखरही एकवटते. अशांना दूध, खवा, बासुंदी बाधते, मात्र दही-ताक बऱ्याच जणांना चालते. दोन आठवडे दूध आणि खवा बंद करून बघितले तर कारण इथेच आहे का ते बिनपैशाचे कळते.

आयबीएस असलेल्यांना कांदा, लसूण, हरभऱ्याची डाळ, राजमा आणि गहू यांनीही गॅस आणि कळ वाढू शकते. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी असे पदार्थ काही आठवडे टाळून, मग एकेक परत सुरू करायची पद्धत बसवली आहे. सगळे एकदम आणि कायमचे सोडायचे नाही, नाहीतर माणूस कुपोषित होतो. साधा उपाय म्हणजे वही. काय खाल्ले, किती वेळा संडास झाली, गोळी घेतली का, एवढे तीन आठवडे लिहिले तर आपल्या पोटाला काय सोसत नाही ते दिसू लागते. ही वही डॉक्टरांनाही मोठ्या कामाची.

उपाशीपोटी दोन-तीन कप चहा, तंबाखू, मिश्री आणि दारू यांनी आतडे जोरात हलते. काहींची तर मिश्री लावल्याशिवाय संडासच होत नाही. तेच आतडे दिवसभर पळवते. इसबगोल जुलाबातही उपयोगी पडते, कारण ते पाणी धरून ठेवते. मात्र थोड्यापासून सुरू करावे आणि सोबत भरपूर पाणी घ्यावे.

कामावर जाणाऱ्यांचे हाल

दिवाळीच्या सुमारास या भागातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. फडावर संडास नाही, पाणी मिळेल ते, पहाटे उठून कोयता. पोटाचे जुने दुखणे असलेल्या माणसाला, त्यातही बाईला, तिथे दिवस काढणे म्हणजे शिक्षाच. मग निघतानाच गोळ्यांची पाकिटे भरून घेतली जातात. कित्येक बाया संडासला जावे लागू नये म्हणून जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत. त्यातून आजार आणखी वाढतो.

अशांनी निघण्याआधी तपासणी करून घ्यावी. निदान झालेले असेल तर डॉक्टरांकडून गोळीचे माप कागदावर लिहून घ्यावे आणि त्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा. परगावच्या डॉक्टरला तो दाखवता येतो. ओआरएसची पाकिटे सोबत असावीत. उन्हात राबताना जुलाब झाले तर आधी पाणी आणि मीठ भरून काढायचे, गोळीचा विचार नंतर.

कुठे जायचे?

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा भूमच्या ग्रामीण रुग्णालयात करता येते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पुढच्या तपासणीसाठी धाराशिवचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सोलापूरचे शासकीय रुग्णालय आहे. अचानक पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या, रक्त जास्त गेले, चक्कर आली तर १०८ ला फोन करावा.

डॉक्टरांसमोर बसल्यावर फक्त ‘पोट बरोबर नाही’ एवढे सांगून थांबू नये. दिवसातून किती वेळा, किती पातळ, रक्त आहे का, रात्री उठावे लागते का, वजन किती उतरले आणि आतापर्यंत कोणती गोळी किती दिवस खाल्ली, हे सगळे सांगावे. मनाने गोळ्या खाल्ल्या म्हणून डॉक्टर रागावतील या भीतीने बरेच जण ते लपवतात. पण दोन शब्द ऐकून घेतलेले परवडतात. गोळीने दबलेला आजार डॉक्टरांना दिसत नाही, तो आपण सांगितला तरच सापडतो.